ढोल किती, आणि ताशा कुणाचा?

आषाढ संपत आला की आमच्या वाईत दोन प्रश्न विचारले जातात. धोम धरण किती भरले, हा पहिला आणि यंदा पथकात ढोल किती, हा दुसरा. किराणा दुकानात, न्हाव्याकडे, घाटावर सकाळी फिरायला आलेल्या मंडळींत, कुठेही. मी या गावच्या एका हौशी ढोल-ताशा पथकाचा जमाखर्च लिहितो, म्हणून दुसरा प्रश्न हमखास माझ्या वाट्याला येतो. मी आकडा सांगतो. आकडा मागच्या वर्षीपेक्षा मोठा असला की विचारणाऱ्याची मान समाधानाने हलते. तेवढाच असला तर तो जरा काळजीने माझ्याकडे बघतो, घरात कुणी आजारी आहे की काय अशा नजरेने.

अकरा वर्षांत एकानेही मला विचारले नाही की पथकात ताशे किती, आणि ताशा शिकवतो कोण.

ढोल वाजवण्यात माझा काही अधिकार नाही. बँकेत नोकरी केली, निवृत्त झालो, हिशेब बरा ठेवतो म्हणून पोरांनी वही हातात दिली. पण वही ठेवणाऱ्याला सरावाच्या मैदानावर रोज संध्याकाळी बसावे लागते, आणि बसून बसून माणूस ऐकायला शिकतो. त्या ऐकण्याच्या जोरावर हे लिहितो आहे.

आधी जरा मागे जाऊ. ही हौशी पथकांची चाल कुठून आली, असे विचारले तर आजची मुले 'पुण्याहून' म्हणतात, आणि ते अर्धे खरे आहे. आमचे पथकही पुण्यात शिकायला गेलेल्या चार-पाच मुलांनी सुरू केले. तिथे कॉलेजात असताना ती पथकात वाजवत. नोकरीधंद्यासाठी परत आली ती कमरेला ढोल बांधायची गाठ शिकूनच. पुण्यात शाळकरी मुलामुलींना मिरवणुकीत आणण्यात ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग, नूमवि अशा शाळांचा मोठा वाटा आहे. आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली प्रबोधिनी सुरू केली. बरची, ढोल, ध्वज हे सारे तिथल्या शिक्षणात आले, आणि विसर्जन मिरवणुकीत शिस्तीने वाजवत चाललेली शहरी मुले लोकांनी पाहिली. त्याआधी पुण्याच्या मिरवणुकीत ढोल-लेझीम असे ते मुळशी, मावळ, भोर या भागांतल्या गावकऱ्यांचे. भाताची लावणी उरकली की ही मंडळी शहरात येत, वाजवत, मिळेल ती बिदागी घेऊन परत जात. म्हणजे पुण्याने ही कला खेड्यातून उचलली आणि चाळीस-पन्नास वर्षांनी ती पांढरा झब्बा आणि फेटा चढवून आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी परत आली. पाहुणी म्हणून आली, आणि आम्ही तिला ओळखलेच नाही.

हौसेची परंपरा मात्र ढोलापेक्षा जुनी. १८९३-९४ च्या सुमारास सार्वजनिक गणेशोत्सव फोफावला, आणि त्याबरोबर मेळे आले. तरुणांनी दोन-दोन महिने संध्याकाळी जमायचे, पदे बसवायची, एकसारखा पोशाख करायचा आणि दहा दिवस गावभर गात फिरायचे. पुण्याचा सन्मित्र समाज मेळा त्या काळी फार गाजला होता. सरकारला या पदांची इतकी धास्ती की १९१० च्या आसपास मेळ्यांवर कडक बंधने आली. या मेळ्यांतल्या पोरांना कुणी पैसे देत नव्हते. नोकऱ्या, शाळा सांभाळून ती येत. आमच्या पथकातली मुलगी दुकानातली आठ तासांची नोकरी संपवून सराव गाठते, तेव्हा ती कळत नकळत त्याच वाटेने चाललेली असते.

आणि ताशा? त्याची वाट आणखी लांबची. नावच फारसी वळणाचे. मोहरमच्या ताबुतांपुढे ताशा वाजला, लग्नाच्या वरातीपुढे वाजला, पालखीपुढे वाजला. सांगलीकडे कडेगावचे उंच ताबूत प्रसिद्ध आहेत, आणि तिथल्या मोहरमात हिंदूही तितक्याच हौसेने सामील होतात. १८४५ साली मजुरांचे पहिले जहाज हिंदुस्थानातून त्रिनिदादला पोचले. त्या मजुरांच्या वंशजांकडे आजही ताशा वाजतो, त्याला ते 'तासा'च म्हणतात, आणि त्यांच्या मोहरमात आणि लग्नांतही तो असतो. इतके देश आणि धर्म हिंडलेले वाद्य आमच्या गणपतीपुढे तडतडते, याची मला मोठी गंमत वाटते. (आमच्या घाटावरच्या गणपतीला ढोल्या म्हणतात. रास्त्यांनी १७६२ साली हे देऊळ बांधले. ढोल्या तो मूर्तीच्या ऐसपैस देहामुळे, पण पथकातल्या पोरांनी ते नाव केव्हाच आपल्या खात्यात जमा करून टाकले आहे.)

आता मैदानावर या. सराव म्हणजे काय चीज आहे, हे मिरवणुकीच्या दिवशी कडेला उभे राहून कळत नाही. वाद्यपूजन होते, नारळ फुटतो आणि दुसऱ्या दिवसापासून पाऊस. ताडपत्रीखाली पन्नास-साठ माणसे. नव्या मुलाला पहिले पंधरा दिवस ढोल मिळत नाही, जुन्या टायरवर टिपरू चालवावे लागते. ढोल मिळाला की उजव्या हाताला टिपरूने फोड आणि डावा तळवा थापेने सुजलेला. कंबरेवर दोरीचा वळ उठतो तो कोजागिरीपर्यंत जात नाही. बोटांना चिकटपट्टी, घरी आईची हळद. चपला घालून वाद्याला हात लावायचा नाही. वाद्य ओलांडायचे नाही. उशिरा येणाऱ्याने सराव संपल्यावर टोलाची गाडी एकट्याने आत ढकलायची, मग तो डॉक्टरचा मुलगा असो की पथकप्रमुख. पहिल्या वर्षी मुली तीनच होत्या, आणि त्यांचे वडील मैदानाच्या कडेला हाताची घडी घालून उभे असत. आता जवळजवळ निम्म्या मुली आहेत, आणि वडील उभे राहतात ते डबा घेऊन.

या मैदानावर आम्हांला आबा भेटले.

आबा पलीकडच्या वाडीचे. सत्तरीला टेकलेले. आमच्या पोरांचे ताशे पहिल्या वर्षी नुसते खडखडत होते. कुणीतरी आबांचे नाव सांगितले, दोघे जण मोटारसायकलवर जाऊन त्यांना घेऊन आले. आबांनी चार ताशे उलटेपालटे करून पाहिले. त्यांच्या उमेदीत ताशाला कातडे असे. पावसाळी हवेत ते सैल पडे, मग कोपऱ्यात कागद-पाचटाचा जाळ करून ताशा शेकायचा, टिचकी मारून ऐकायचे, पुन्हा शेकायचा. मिरवणुकीत दर दहा-पंधरा मिनिटांनी हा सोपस्कार. आता प्लास्टिकचे पान आले, पावसाची भीती गेली. आबांनी त्यावर कामटी मारून पाहिली आणि म्हणाले, "ह्याला मरान न्हाई. पर ह्यो ऐकत बी न्हाई."

त्या दिवशी त्यांनी ताशा कुणाच्याच गळ्यात अडकवू दिला नाही. पोरांना जमिनीवर बसवले, पुढ्यात पाट ठेवले आणि स्वतः तोंडाने बोल म्हणत राहिले. पोरांनी फक्त ऐकायचे. एका मुलाने घाई करून कामटी चालवली तर म्हणाले, "वाजवाय कुनालाबी येतंय. आदी गप बसाय शिक."

ताशाचे काम काय, हे मला तेव्हा कळले. लोकांना वाटते ढोल म्हणजे पथक. खरे तर ढोलाला पुढची वाट दिसत नसते, ताशा ती दाखवतो. ठेका बदलायचा, चढवायचा, उतरवायचा, थांबायचे, हे सगळे ताशेवाला सांगतो आणि ढोल त्याचे ऐकून उत्तर देतात. ताशाचा आवाज बारीक आणि कडक असल्यामुळे तो ढोलांच्या घुमण्यातून आरपार जातो, पण त्यालाही हद्द आहे. बारा ढोलांच्या मागच्या रांगेपर्यंत तो पोचतो. ऐंशी ढोल झाले की मागचे वीस जण ताशा ऐकून वाजवत नाहीत, पुढच्याचा हात बघून वाजवतात. मग ठेका थोडा सांडतो, आणि सांडलेला ठेका झाकायला सगळे जोर लावतात. लोकांना वाटते, वा, काय दणका! आबा मात्र मान खाली घालतात.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका अरुंद आळीतून मिरवणूक चालली होती. एका घरातून एक गृहस्थ हात जोडत बाहेर आले. वडील अत्यवस्थ होते, एवढी शंभर पावले तरी वाजवू नका म्हणाले. पथकप्रमुखाने लगेच हात वर केला. पुढचे थांबले, मधले गोंधळले, मागच्यांना काही कळलेच नाही. ऐंशी ढोल थांबायला किती वेळ लागला ते मी घड्याळात पाहिले नाही, पण त्या गृहस्थांचा जोडलेला हात तेवढा वेळ तसाच होता. पहिल्या वर्षी बारा ढोल होते तेव्हा आबांनी कामटी नुसती आडवी धरली की आळी शांत होई.

आवाजाचा कायदा मी मुलांना वाचून दाखवला आहे. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ती पाळायची तर ढोल काय, आमच्या शेजारणीचा मिक्सरही अडचणीत येईल, असे एक पोर म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसलो. पण ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस राष्ट्रीय हरित लवादाने पुण्यातल्या पथकांना प्रत्येकी तीसच माणसांची मर्यादा घातली, तेव्हा कुणी हसले नाही. आमच्या वाईला तो आदेश लागू नव्हता, तरी मैदानावर सुतक पडल्यासारखे झाले. पुढे ऐन उत्सवात, सप्टेंबरात, सर्वोच्च न्यायालयाने त्या मर्यादेला स्थगिती दिली आणि आमच्याकडे पेढे वाटले गेले. मीही एक खाल्ला. मिरवणुकीत किती माणसांनी वाजवायचे हे न्यायाधीशांनी ठरवावे, असे मला वाटत नाही. पण पेढा खाताना मनात आले की तीस हा आकडा काही वाईट नव्हता. आमचा आम्ही ठरवला असता तर त्यात कमीपणा कसला होता?

डीजेपेक्षा ढोल बरा, हा युक्तिवाद मला ठाऊक आहे. मीही तो अनेकदा केला आहे. भिंती हलवणाऱ्या त्या स्पीकरांपुढे हातांनी, घामाने वाजवलेले वाद्य केव्हाही बरे. फक्त आपण त्याच्याशी शर्यत लावली तर त्याच्यासारखेच होऊ, इतके लक्षात ठेवले म्हणजे झाले.

असो. आवाजाचे भांडण सगळेच भांडतात. मला जे बोलायचे आहे ते वहीबद्दल.

आमचे पथक हौशी आहे, म्हणजे वाजवणारा कुणी पैसा घेत नाही. उलट दर हंगामाला वर्गणी भरतो. मंडळांकडून सुपारीचे पैसे येतात त्यातून पाने, दोऱ्या, टेम्पोचे भाडे जाते आणि उरते ते आम्ही गरजू मुलांच्या वह्यापुस्तकांना देतो. याचा आम्हांला फार अभिमान. दर वर्षी समारोपाच्या कार्यक्रमात मी तो हिशेब वाचून दाखवतो आणि टाळ्या पडतात. त्याच कार्यक्रमात आबांचा सत्कार होतो. माझ्या वहीत दहा वर्षे ओळीने एक नोंद आहे: शाल व श्रीफळ, ताशा मार्गदर्शक.

दोन महिने रोज संध्याकाळी पाच मैल येणारा माणूस, आणि त्याच्या खात्यावर दहा शाली. गेल्या हिवाळ्यात आबांच्या घरी गेलो होतो. सुनेने बसायला घोंगडी टाकली. खुंटीवर एकही शाल दिसली नाही. मी विचारले नाही. निघताना त्यांनीच सांगितले, "साली देऊन टाकल्या सायेब लेकीबाळींस्नी. थंडी काय आमालाच वाजती व्हय?"

घरी येऊन मी शाळेतला एक जुना फोटो काढला. १९७१ चा. आमचे लेझीम पथक जिल्ह्यात पहिले आले होते. चाळीस मुले, मुख्याध्यापक, व्यायामाचे सर, मध्ये ढाल. लेझीम हलगीशिवाय चालत नाही, आणि आम्हांला हलगी वाजवणारे होते आबांचे वडील. सगळा ठेका त्यांचा. फोटोत ते नाहीत. फोटो काढताना ते कुठे उभे होते, हे मला आठवते. मैदानाच्या कडेला, बाभळीखाली, हलगी काखेत धरून. त्यांना कुणी 'बाजूला व्हा' म्हटले नव्हते. कुणी 'या' म्हटले नाही, इतकेच.

त्यांच्या घराण्यात वाजवणे ही हौस नव्हती. गावकीत लग्न असो, देवाचे कार्य असो, मयत असो, बोलावणे आले की जायचे. बदल्यात सुगीला धान्य, सणाला भाकरी. नाही म्हणायची सोय नव्हती. गावकीची असली कामे टाकून द्या, या बाबासाहेबांच्या हाकेनंतर अनेक घरांनी वाद्ये खाली ठेवली, ती अपमान सहन होईना म्हणूनच. ज्यांनी ठेवली नाहीत त्यांच्या हातांत ती कला टिकली, आणि आज आम्ही झब्बा घालून ती शिकतो. आम्हांला 'पैसे घेत नाही' असे छाती फुगवून म्हणता येते, कारण आमचा पगार दुसरीकडून येतो. आबांच्या वडिलांना हौशी होणे परवडणारे नव्हते. फुकट वाजवण्याचा मोठेपणाही पोट भरलेल्याच्याच वाट्याला येतो, हे मला बँकेत चौतीस वर्षे काढून, वयाच्या पासष्टीनंतर कळावे!

आणखी एक. पूर्वी आमच्याकडची मंडळे गणपतीला बँड सांगत. पंचक्रोशीतले दोन-तीन ताफे होते. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, साइड ड्रम, लाल डगले, खांद्यावर सोनेरी झुपके. लग्नसराई संपल्यावर गणपतीचे दहा दिवस हाच त्यांचा आधार. आमच्या पथकाने ते दिवस घेतले. मुद्दाम नव्हे, पण घेतले. पुण्यात प्रभात बँड, दरबार बँड यांना मानाच्या गणपतींपुढे अजून जागा आहे, नगारा आणि सनईही आहेत. आमच्या गावात मात्र जिथे पथक शिरले तिथून बाकीचे सारे निघून गेले. त्यातला एक क्लॅरिनेटवाला आता रसवंतीगृह चालवतो. रस चांगला असतो. मी तिथे गेलो की तो पथकाची चौकशी करतो, आणि मला त्याच्याकडे सरळ बघवत नाही.

यंदा जूनमध्ये हंगामाची बैठक झाली. ढोल शंभर करावेत, असा ठराव आला होता. शेजारच्या तालुक्यात नव्वद झाले म्हणून. मी उभा राहिलो. मला भाषण जमत नाही. वही उघडून दहा वर्षांच्या शालींच्या नोंदी वाचल्या, तारखांसकट. मग म्हणालो, ढोल चाळीसवर आणू, उरलेल्या पैशातून आबांना दरमहा मानधन देऊ आणि विसर्जनाच्या दिवशी एक बँड आपल्या खर्चाने पुढे ठेवू. बराच वेळ कुणी बोलले नाही. एक जण म्हणाला, "काका, आपण हौशी आहोत, पगार सुरू केला तर हौस राहणार नाही." त्याचा मुद्दा मी समजू शकतो. त्याच्यापुरता तो खराही आहे. मागच्या रांगेतून एका मुलीने विचारले, "पण आबांना कुणी विचारलंय का, ते हौशी आहेत की नाहीत?"

तासभर वाद झाला. शेवटी ढोल साठवर अडले. बँडचा विषय पुढच्या वर्षावर गेला. मानधन मात्र मंजूर झाले.

परवा महिना भरला. मी पाकीट आणि पावती घेऊन मैदानावर गेलो. सराव नुकताच संपला होता, ताडपत्रीवरून पाणी ओघळत होते. आबांनी पाकीट उघडून दोनदा नोटा मोजल्या. मग पावतीवर बोट ठेवून विचारले, "सायेब, ह्यात तारका किती धरल्यात?"

मी म्हणालो, "पूर्ण महिना, आबा."

"पूर्न कसा? नागपंचमीला म्या आलो न्हवतो, आन त्याच्या दुसऱ्या दिशीबी न्हाई. त्ये दोन दिस कापा."

मी कापायला तयार होईना, ते पाकीट खिशात घालायला तयार होईनात. अखेर मी दोन दिवसांचे पैसे परत घेतले, वहीत तशी नोंद केली, आणि आबांनी कामटी काखेत धरून, सावकाश, एकेक अक्षर सुटे काढत सही केली.